आधी आरसा, मग स्टिअरिंग : वाहनचालन चाचणीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय 19 वर्षे असून मोटारीचे पक्के लायसन्स मिळून आठ महिने झाले आहेत. काकांच्या दहाचाकी ट्रकवर चालक म्हणून लागण्याची माझी इच्छा आहे. एका मोटार ट्रेनिंग स्कूलने, वर्गाला न येताही प्रशिक्षणाचा दाखला देऊ, असे सांगितले आहे. तो घ्यावा का? (एक वाचक, इंदापूर)

उत्तर : आपल्याला अजून थोडे थांबावे लागेल, कारण कायद्याच्या दोन अटी आपण पूर्ण करत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार परिवहन वाहन, म्हणजे ट्रक-टॅक्सीसारखे माल किंवा प्रवासी वाहणारे वाहन, चालवण्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय अशा वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचे पक्के लायसन्स किमान एक वर्ष जवळ असावे लागते. त्यानंतर वैद्यकीय दाखला, शिकाऊ लायसन्स, मान्यताप्राप्त स्कूलचा नमुना 5 मधील प्रशिक्षण दाखला आणि प्रत्यक्ष चाचणी अशा क्रमाने जावे. शिक्षणाची अडचण आता येणार नाही, कारण परिवहन वाहनासाठी असलेली आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्ये रद्द झाली आहे.

दाखल्याबद्दल मात्र स्पष्टच लिहितो. परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान 30 दिवसांचे असावे आणि त्यात उमेदवाराच्या हाती प्रत्यक्ष स्टिअरिंग किमान 15 तास असावे, असे नियम सांगतो. माझ्या मते हे 15 तासही अपुरे आहेत. तेही कागदावरच दाखवणारी स्कूल आपले पैसे घेते आणि आपल्याला ट्रकसमोर निरक्षर ठेवते. काकांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून हिंडताना मिळणारे ज्ञान मोलाचे असते, माल कसा बांधावा, टायर कसे ठोकून पाहावेत, रात्री कोठे थांबावे हे तेथेच कळते. पण शिकाऊ लायसन्स हाती येईपर्यंत मोकळ्या रस्त्यावरही काकांनी आपल्या हाती स्टिअरिंग देऊ नये. अपघात झाल्यास त्याची झळ आपल्याइतकीच वाहनमालक म्हणून त्यांनाही बसेल.

प्रश्न : मला पर्यटक टॅक्सी चालवायची आहे. पक्क्या लायसन्सच्या चाचणीत मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा चढावर गाडी मागे आली आणि दुसऱ्यांदा रिव्हर्स घेताना चाक रेषेवर गेले. स्कूलचे सर चढावर हँडब्रेक लावायला सांगतात, तर वडील म्हणतात की खऱ्या चालकाला हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी धरणे, पुरतो. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नियमाच्या दृष्टीने दोघेही बरोबर आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 15 मध्ये चाचणीत काय पाहावे याची यादी आहे आणि तीत चढावर गाडी पुन्हा हलवताना हँडब्रेकचा, किंवा ॲक्सिलरेटर आणि पायब्रेक यांचा, योग्य वापर व्हावा आणि गाडी मागे घसरू नये, असे म्हटले आहे. तरीही चाचणीपुरते आपण सरांचे ऐकावे, असे मी सुचवेन. वडिलांची पद्धत वर्षानुवर्षांच्या सवयीतून पायात उतरलेली असते आणि चाचणीच्या दिवशी उमेदवाराचा पाय थोडा तरी थरथरतोच.

हँडब्रेक पूर्ण ओढून पहिला गिअर टाकावा, ॲक्सिलरेटर हलका दाबून धरावा आणि क्लच इतका सावकाश सोडावा की इंजिनाचा आवाज जड होईल आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटेल. या क्षणी क्लचचा पाय जागीच स्थिर ठेवून मग हँडब्रेक सोडावा. बहुतेकांची चूक येथेच होते. हँडब्रेक सोडताना पायही नकळत हलतो, मग गाडी एक तर मागे येते किंवा बंद पडते. म्हणून आधी सपाट जागेवर केवळ क्लचवर गाडी एक-दोन फूट पुढे नेऊन थांबवण्याचा सराव करावा आणि त्यानंतरच चढाकडे वळावे. चाचणीसाठी शक्यतो सरावाचीच गाडी न्यावी, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर धरतो.

रिव्हर्सचा प्रश्न बहुधा वेगाचा असतो. गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, क्लचवर खेळवत मागे घ्यावी, मान वळवून मागच्या काचेतून पाहावे आणि स्टिअरिंग थोडे थोडे फिरवावे. मागे जाताना गाडीचे नाक उलट बाजूला बाहेर फेकले जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या आरशांकडे आळीपाळीने नजर जायला हवी. मोकळ्या मैदानात विटा मांडून इंग्रजी आठ आणि एच आकाराचा मार्ग करता येतो. सेन्सर आणि कॅमेरे बसवलेल्या स्वयंचलित ट्रॅकवर रेषेला झालेला स्पर्श नोंदला जातो, तेथे विनवणीला जागा नसते आणि ते बरेच आहे.

आपल्या पत्रात आरशाचा उल्लेख कोठेच नाही, याकडेही लक्ष वेधतो. इशारा देण्यापूर्वी, गाडी हलवण्यापूर्वी, दिशा बदलताना, ओव्हरटेक करताना आणि थांबतानाही उमेदवार आरसा पाहतो का, हे त्याच नियमात तपासायला सांगितले आहे. शेजारी बसलेल्या निरीक्षकाला केवळ बुबुळे फिरवलेली दिसत नाहीत, तेव्हा मान थोडी वळवून पाहावे. सराव करताना जे दिसते ते मोठ्याने बोलण्याची सवय लावावी : पुढची रिक्षा थांबते आहे, उजवे दार उघडेल, डावीकडून दुचाकी येते आहे, मी वेग कमी करते. सुरुवातीला हसू येते, पण नजर कोठे कमी पडते हे स्वतःच्याच कानांना कळते. उद्या गाडीत प्रवासी असतील, तेव्हा याच सवयीचा उपयोग होणार आहे.

वडिलांच्या गाडीवर सराव करायला हरकत नाही. मात्र पक्के लायसन्स असलेली व्यक्ती, गरज पडल्यास गाडी थांबवता येईल अशा रीतीने शेजारी बसलेली असावी, गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल असावा आणि आपले शिकाऊ लायसन्स मुदतीत असावे. ते सहा महिने चालते. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, पण तीनदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून 60 दिवस थांबावे लागते आणि 2019 च्या दुरुस्तीनुसार सुधारणा प्रशिक्षणही घ्यावे लागते. तिसऱ्या वेळेची घाई करू नये.

प्रश्न : माझ्याकडे केवळ मोटारीचे, म्हणजे एलएमव्ही लायसन्स आहे. भाजी वाहणारा छोटा टेम्पो त्यावर चालवता येतो का? विमा कंपनीचा प्रतिनिधी नाही म्हणतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : टेम्पोचे एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल, तर चालवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात तसा निर्णय दिला होता. त्यावर शंका घेतली गेल्याने विषय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी त्या पीठानेही तोच निर्णय कायम केला. त्यामुळे केवळ परिवहन वाहनाची वेगळी नोंद नाही, या कारणावरून विमा कंपनीला अशा गाडीचा दावा नाकारता येत नाही. धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना मात्र ही सवलत लागू नाही. वजन नोंदणी प्रमाणपत्रात पाहावे, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

प्रश्न : मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षण घेतल्यास आरटीओत चाचणी द्यावी लागत नाही, हे खरे आहे का? मग सगळेच तेथे का जात नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरे आहे, पण ऐकीव बातमीत त्याचा अर्धाच भाग येतो. जून 2021 मध्ये केंद्र सरकारने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम अधिसूचित केले आणि ते 1 जुलै 2021 पासून लागू झाले. अशा केंद्रात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत 29 तासांचा, तर मध्यम आणि जड वाहनाचा सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो. तेथे सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असावा लागतो. जड वाहनांच्या केंद्राला किमान दोन एकर जागा लागते. अभ्यासक्रमाच्या शेवटी केंद्रातच चाचणी होते आणि ती उत्तीर्ण झालेल्यालाच आरटीओतील प्रत्यक्ष चाचणीतून सूट मिळते. कोपऱ्यावरच्या नेहमीच्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या दाखल्याने ही सूट मिळत नाही, हा फरक जाहिरातींत जाणूनबुजून पुसट ठेवला जातो. सगळे का जात नाहीत, याचे उत्तर जागेच्या अटीतच आहे : शहराजवळ दोन एकर घेऊन ट्रक फिरवणे कोणाला परवडणार? आपल्या जवळ असे केंद्र असेल तर मान्यतेचे प्रमाणपत्र आणि त्याची मुदत पाहून प्रवेश घ्यावा. तेथील शुल्क अधिक असले तरी चालक म्हणून पोट भरायचे असेल त्याने प्रशिक्षणाच्या तासांकडे पाहावे, चाचणीतल्या सवलतीकडे नव्हे.

प्रश्न : मी चार वर्षे आयशर ट्रक चालवतो आहे आणि आता एसटीत चालक म्हणून अर्ज करायचा आहे. ट्रक येतो, त्यामुळे बसच्या चाचणीची वेगळी तयारी लागते का? (एक वाचक, बीड)

उत्तर : लागते, आणि ट्रकच्या काही सवयी मोडाव्याही लागतात. एसटीच्या उमेदवारांची चाचणी होते त्या पुण्याजवळच्या भोसरीतील संगणकीकृत ट्रॅकवर अनुभवी ट्रकचालकही अडखळतात, ते बहुधा त्या सवयींमुळेच. कागदपत्रांपैकी प्रवासी वाहनाचा बॅज वेळेत काढून ठेवावा.

पहिला फरक लांबीचा आहे. दोन आसांची बस 12 मीटर किंवा त्याहूनही लांब आणि 2.6 मीटरपर्यंत रुंद असू शकते, आणि मागच्या चाकांच्या पलीकडे बसचे बरेच धूड लोंबते. डावीकडे वळताना मागची डावी चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि फुटपाथवर किंवा कडेच्या दुचाकीवर चढू शकतात. त्याच वेळी बसचा मागचा उजवा कोपरा बाहेर झेपावतो आणि शेजारच्या गाडीला घासतो. त्यामुळे चौकात थोडे पुढे गेल्यावर मग स्टिअरिंग फिरवावे आणि वळण पूर्ण होईपर्यंत दोन्ही आरसे पाहत राहावे. स्थानकातल्या फलाटावरून बस मागे काढताना वाहकाच्या शिट्टीवर विसंबणे ही रीत आहे, परंतु चालकाने आरसा सोडावा असा तिचा अर्थ नाही.

दुसरा फरक ब्रेक मारण्याच्या पद्धतीचा. मालाच्या पोत्यांना धक्का कळत नाही, दांडीला धरून उभ्या असलेल्या आजींना कळतो. थांबा दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक लवकर आणि हलका दाबावा आणि बस थांबण्याच्या अगदी शेवटी दाब किंचित सैल करावा. एअर ब्रेकच्या गाडीत काट्यावर पुरेसा दाब दिसल्याशिवाय निघू नये आणि उतारावर ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नये, कारण साठलेली हवा संपते.

घाट हा तर स्वतंत्र विषय आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक होता. आजच्या ताकदवान इंजिनांच्या गाड्या वरच्या गिअरमध्येही सहज चढतात, म्हणून उतरताना त्याहून एक गिअर खाली ठेवणे शहाणपणाचे ठरते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो उतार सुरू होण्याआधी लावावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडण्याची खोड ट्रकवर लागली असेल तर ती आजच सोडावी, कारण मग इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियम तोंडी विचारला जाऊ शकतो.

निवड झाल्यावर एसटी स्वतःचेही प्रशिक्षण देते. तेथे, मला येते, असे म्हणून मागच्या बाकावर बसू नये.

प्रश्न : मला लाल-हिरव्या रंगांत थोडा गोंधळ होतो. लायसन्स मिळेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जून 2020 पासून सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना लायसन्स मिळू शकते, तीव्र रंगांधत्व असलेल्यांना नाही. आपण नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून त्याची तीव्रता लेखी घ्यावी आणि अर्जाबरोबरच्या वैद्यकीय दाखल्यात ती लपवू नये. सिग्नलवर लाल दिवा सर्वांत वर आणि हिरवा खाली असतो. आडव्या सिग्नलवरील क्रम मात्र आपल्या भागातल्या चौकांत स्वतः जाऊन पाहून ठेवावा.