हात लावला नाही, तरी तक्रार होते

तू लिहिलंस, जुन्या ऑफिसातला एकजण रोज बसस्टॉपवर उभा असतो, ब्लॉक केलं की नव्या नंबरवरून ‘काल निळा ड्रेस छान होता’ असं पाठवतो. आणि विचारतेस, ‘अंगाला हात लावला नाही, मग तक्रार कशाची करू?’ महिला समुपदेशन केंद्रात हा प्रश्न मी सारखा ऐकते.

हात लावावाच लागत नाही गं. पाठलाग २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. बाईने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, संपर्क करणं, किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, एवढं पुरतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मात्र पहिल्या वेळी जामीन मिळतो, त्यामुळे तक्रारीआधीच सोसायटीचा वॉचमन, शेजारी, ऑफिस यांना त्याचा फोटो दाखवून ठेव.

एकदाच, लेखी कळव: ‘मला तुमच्याशी कुठलाही संपर्क नको.’ त्यानंतर अवाक्षर नाही. चिडून एखादा फोन उचललास, तरी चिकाटी धरली की ही बोलते, एवढंच तो शिकतो.

आणि नोंदींची एक वही ठेव. ‘मंगळवार, सकाळी ८.४०, स्टॉपसमोरची टपरी. मी बसमध्ये चढले, तोही चढला. टपरीवाल्या काकांनी पाहिलं.’ इतकं साधं. सुटा प्रसंग पोलीस ठाण्यात किरकोळ वाटतो. ओळीने पानं भरलेली दिसली की तसं म्हणता येत नाही. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढलास तरी मूळ मेसेज फोनमध्ये राहू दे. न सांगता तुझा ठावठिकाणा त्याला कळत असेल, तर लोकेशन शेअरिंग आणि तुझं खातं कुठकुठल्या फोनवर उघडं आहे ते तपास.

तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. या गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तसं ठामपणे माग. सोबत मैत्रीण ने. १८१ या महिला हेल्पलाइनवर सल्ला मिळतो, सखी केंद्राचा, म्हणजे त्रास होणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचा, पत्ताही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला मोफत वकील देतं, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००.

आईबाबा नोकरी सोडायला लावतील म्हणून गप्प आहेस, ते समजतं. पण गुन्हा त्याने करायचा आणि घरात तू बसायचं, हे मला अजिबात मान्य नाही. समुपदेशक त्यांच्याशीही बोलतात, त्यांना घेऊन ये.

धमकी, अ‍ॅसिडची किंवा ‘मी जीव देईन’ची भाषा आली, तर वही राहू दे, आधी ११२ लाव.