स्टिकरखाली दडलेली तारीख

प्रश्न: सांगलीत कॉलेजजवळ माझी नूडल्सची गाडी आहे. मी आणि माझा भाचा मिळून ती चालवतो. महिन्यापूर्वी एका होलसेल दुकानातून इन्स्टंट नूडल्सचे सहा बॉक्स निम्म्या किमतीत घेतले. तारीख संपायला पाच आठवडे उरलेत म्हणून स्वस्त, असं दुकानदार म्हणाला. त्यातल्या दोन बॉक्समधल्या पाकिटांना खवट वास येतोय. त्यांच्यावरचं 'सेल'चं स्टिकर काढून पाहिलं, तर खालची तारीख मी माल घेण्याआधीच उलटलेली! बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय आणि दुकानदार त्याच ओळीवर बोट ठेवतो. पैसे परत मिळतील का? आणि उरलेला माल वापरला तर चालेल का?

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तुम्हाला आज गाडी लावायच्या आत हवं. त्या दोन बॉक्समधलं एकही पाकीट शिजवू नका. या नूडल्स तेलात तळून वाळवलेल्या असतात. खवट वास येतो तो त्या तेलाचा, उकळत्या पाण्याने तो जात नाही. शिवाय अन्न सुरक्षा कायदा, 2006 च्या नजरेत तुम्ही नुसत्या गिऱ्हाईक नाही, विक्रेत्याही आहात. कलम 27 प्रमाणे मुदत संपलेला पदार्थ विकणारा स्वतः जबाबदार धरला जातो. पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर कलम 80 खाली बचाव करता येतो. पण 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय तुम्ही स्टिकर सोललं त्याच क्षणी संपली. ते बॉक्स बाजूला काढा, त्यांवर मोठ्या अक्षरात 'विक्रीसाठी नाही' लिहा आणि फोटो काढून ठेवा.

बाकीच्या चार बॉक्सची मुदत अजून आठवडाभर आहे. वास, रंग, पाकीट ठीक असेल तर तेवढ्या दिवसांत ते वापरायला कायद्याची आडकाठी नाही. पाकिटावर नेमकं काय छापलंय ते मात्र वाचा. 2020 च्या लेबलिंग नियमांनी 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' छापणं सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणजे चव-दर्जा कमी झाला असेल, पण पदार्थ खाण्यालायक असू शकतो. 'यूज बाय' उलटली की विक्री बंद. हा फरक खरा आहे, पण भर संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या देखत अन्न सुरक्षा अधिकाऱ्याशी त्यावर वाद घालावा असा नाही. आठवड्यात जे संपेल ते संपवा, उरेल ते सोडून द्या.

आता पैशांचं. तारीख जवळ आलेला माल सवलतीत विकणं हा गुन्हा नाही. घरपोच देताना किमान 30 टक्के किंवा 45 दिवस मुदत शिल्लक हवी, असं एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) नोव्हेंबर 2024 मध्ये ऑनलाइन कंपन्यांना बजावलं. ते तुमच्या दुकानदाराला लागू नाही. चार बॉक्सबद्दल त्याच्याशी भांडू नका, तिथे त्याने सांगितलं तेच दिलंय.

दोन बॉक्सची गोष्ट वेगळी. पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार किंमत कमी केल्याचं स्टिकर लावता येतं, पण तेही कंपनीने छापलेली एमआरपी झाकणार नाही असं. इतर छापील माहिती बदलण्यासाठी स्टिकर चालत नाही. दुकानदार म्हणेल, स्टिकर चुकून तारखेवर बसलं. एका पाकिटावर बसलं असतं तर मीही मानलं असतं. दोन बॉक्सभर पाकिटांवर तसंच बसलं असेल तर तोच तुमचा पुरावा, म्हणून उरलेल्या पाकिटांची स्टिकरं आता सोलू नका. एकच पाकीट घ्या आणि सलग व्हिडिओत, कुणा साक्षीदारासमोर सोला.

ज्या बिलावर तो बोट ठेवतोय, ते खरं तर तुमच्या कामाचं आहे. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 26(4) म्हणतं की अन्नपदार्थ विक्रेत्याला विकताना त्याच्या दर्जाची हमी द्यायची असते, आणि वेगळी हमी लिहिली नसली तरी बिल हीच हमी मानली जाते. खाली छापलेल्या एका ओळीने ती पुसली जात नाही. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

त्याचा वकील म्हणेल, बाई धंद्यासाठी माल घेतात, त्या ग्राहक कशा? पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला व्यवसाय कायद्याने 'व्यापारी हेतू'तून वगळलाय. एक-दोन मदतनीस असले तरी ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलंय. भाच्याची अडचण नाही. तुम्ही पाकिटं जशीच्या तशी विकत असता, तर ती पुनर्विक्री ठरून ग्राहक आयोगाचं दार बंद झालं असतं. तुम्ही शिजवून विकता, त्यामुळे बाजू मांडता येते. हमखास जिंकाल असं मात्र मी म्हणणार नाही.

खासगी लॅबमध्ये पाकिटं तपासायला पैसे घालू नका. 2015 मध्ये मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली, त्यात लॅबना रीतसर मान्यता नव्हती हाही एक मुद्दा होता. तुमचा दावा तारखेवर उभा आहे, तिला लॅब लागत नाही.

दुकानदाराला स्पीड पोस्टने साधी मराठी नोटीस पाठवा: खरेदीची तारीख, बिल क्रमांक, दोन बॉक्सची रक्कम, पंधरा दिवसांची मुदत. सोबत फोटो आणि यूपीआयची पावती जोडा. 'पैसे द्या नाहीतर एफडीएकडे जाते' असं त्यात लिहू नका. उद्या तेच तुमच्यावर उलटवतील. अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, तक्रार करायची तर वेगळी करा, आणि करावी असं माझं मत आहे, कारण तशी पाकिटं त्याच्या गोदामात अजून असतील. नोटिशीला उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण थर्मल कागदावरचं बिल तोवर पुसून जाईल. त्याची झेरॉक्स आजच काढा.