दुसऱ्या सॅक्सोफोनचा भाग गुणगुणायला सांग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं आणि सोबतची रेकॉर्डिंग्जही शांतपणे ऐकली. केअर होममधल्या त्या आजी-आजोबांशी तू ज्या मायेने बोलतेस ते ऐकून फार बरं वाटलं. तुझी तक्रारही पटली. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कुठल्याही गावचं माणूस असो, तरुणपणी नाचघरात घालवलेल्या रात्रींबद्दल विचारलं की तेच ऐकायला मिळतं: छतावरचा फिरता आरशांचा गोळा, चकचकीत बूट, शेवटचा वॉल्ट्झ (जोडीने करायचा संथ नाच) आणि ‘आमची गाठ तिथेच पडली’. यातलं काही खोटं नाही. पण मुलानातवंडांना इतक्या वेळा सांगून ती आठवण गुळगुळीत झाली आहे. तिच्या आत शिरायचं असेल तर कसं वाटायचं ते विचारू नकोस. काम कसं चालायचं ते विचार.

जो लॉस, टेड हीथ, व्हिक्टर सिल्व्हेस्टर या नावाजलेल्या बँडप्रमुखांच्या रेकॉर्ड्स निघाल्या, बीबीसीने त्यांना घराघरांत नेलं. त्यांचं संगीत आजही कुणालाही ऐकता येतं. पण बोल्टनच्या नाहीतर ओल्डहॅमच्या एखाद्या हॉलमध्ये शनिवारी वाजवणाऱ्या सात-आठ जणांच्या बँडचं ध्वनिमुद्रण जवळजवळ उरलेलंच नाही. ही माणसं दिवसा गिरणीत, खाणीत नाहीतर कचेरीत असत आणि रात्री डिनर जॅकेट चढवून स्टेजवर बसत. १९४० आणि १९५० च्या दशकांत सामान्य माणूस आपल्या गावात नाचला तो बहुतेक यांच्याच तालावर. आपल्याकडे संगीत नाटकातल्या गायक नटांची चरित्रं निघाली आणि ऑर्गनवाला विसरला गेला, तसंच हे आहे. तेव्हाचे अगदी तरुण वादक आज नव्वदीच्या आसपास आहेत. म्हणून मी घाई करते आहे.

तुझ्या एका रेकॉर्डिंगमधले आजोबा बँडमध्ये दुसरा आल्टो सॅक्सोफोन वाजवायचे. ‘तेव्हा कसं वाटायचं?’ असं तू विचारलंस. ते ‘ग्रँड’, म्हणजे झकास, म्हणाले आणि विषय तिथेच संपला. त्यांना विचार, वाजवायचे कागद कुठून यायचे? प्रकाशक लोकप्रिय गाण्यांच्या छापील मांडण्या विकत, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा. जिमी लॅली नावाचे एक मांडणीकार होते. चार वादक असोत की बारा, संगीत भरलेलंच वाटावं अशा बेताने ते लिहीत. गावोगावच्या बँडना त्यांचा केवढा आधार होता! मग विचार, एखादा वादक आजारी पडला तर बदली कोण यायचा? तो तालमीशिवाय, समोर आलेला कागद पाहून वाजवू शकायचा का? रात्रीचे पैसे कोण वाटायचं? ड्रम आणि डबल बास बसमधून कसे न्यायचे? अशा प्रश्नांना ‘ग्रँड’ एवढं उत्तर पुरत नाही.

आणि त्यांना दुसऱ्या आल्टोचा भाग गुणगुणायला सांग. ती ओळखीची चाल नसेल. ती मधली, आधार देणारी ओळ असते, आणि ती ऐकव असं त्यांना आजवर कुणीही म्हटलेलं नसेल. बोटं हवेत हलायला लागली तर मध्ये बोलू नकोस.

लयीचंही असंच कर. सिल्व्हेस्टर हे १९२२ चे जागतिक बॉलरूम विजेते. त्यांनी १९३५ मध्ये काटेकोर लयीचा ऑर्केस्ट्रा काढला आणि तेव्हापासून लोक ठरावीक लय मागू लागले. वॉल्ट्झ मिनिटाला साधारण ३० बार, म्हणजे तालाची तितकी आवर्तनं, आणि क्विकस्टेप हा जलद नाच ५० च्या आसपास. आजोबांना टेबलावर क्विकस्टेपची लय धरायला सांग आणि घरी येऊन घड्याळाशी ताडून पाहा. स्थानिक बँड त्या मापाला किती धरून होते हे सांगणारा कागद तुला सहसा मिळणार नाही, हातातून मात्र मिळेल. नावं विसरलेल्या माणसाचा हातसुद्धा कधी कधी लय सोडत नाही.

हॉलबद्दल विचारताना थेट जमिनीवर ये. मँचेस्टरच्या रिट्झ नाचघराची, १९२८ मध्ये उघडलेल्या, पायाखाली किंचित झुलणारी लाकडी जमीन नाचणाऱ्यांना अजून आठवते. सगळीकडे अशी चैन कुठली? मँचेस्टरच्याच व्हिक्टोरिया बाथ्समध्ये हिवाळ्यात पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून नाच व्हायचे. फळ्या कोण टाकायचं, पाय सरकावा म्हणून फ्रेंच चॉकची पूड कोण भुरभुरायचं, त्यावर पडलेल्यांचं काय व्हायचं, हे सगळं विचार.

मग संध्याकाळ क्रमाने उभी करायला सांग. क्विकस्टेप, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट. मग ‘पॉल जोन्स’, म्हणजे बायका आतल्या गोलात, पुरुष बाहेरच्या, आणि संगीत थांबलं की समोर येईल त्याच्याशी नाचायचं. लाजऱ्या पोरांचा सगळा भरवसा या एका खेळावर असे. मध्यंतरात बहुतेक ठिकाणी चहा नाहीतर लेमोनेड, कारण बऱ्याच नाचघरांना दारूचा परवाना नव्हता. पुरुष बाहेर पडण्याचा पास घेऊन कोपऱ्यावरच्या पबमध्ये जात आणि उशिरा परतत. तोवर मुली मुलींशीच नाचत. हे त्यांना सहज विचार. कितीतरी जणी सांगतील की मैत्रिणीबरोबरचा नाचच जास्त चांगला व्हायचा. शनिवारचा कार्यक्रम बारा वाजायच्या आत आटपावा लागे, कारण रविवारी तिकीट लावून नाच भरवायला १७८० च्या कायद्याने बंदी होती. शेवटी राष्ट्रगीत. त्यात किंग होतं की क्वीन एवढं कळलं तरी फेब्रुवारी १९५२ च्या, म्हणजे राजा जाऊन राणी आली त्याच्या, आधीचं की नंतरचं ते समजतं.

तारखांवरून आठवलं. ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूमला डिसेंबर १९५६ मध्ये आग लागली आणि ती १९५८ मध्ये पुन्हा उघडली. ‘१९५७ च्या उन्हाळ्यात आम्ही तिथे नाचलो’ असं कुणी म्हणालं, तर वर्ष चुकलं असेल किंवा जागा विंटर गार्डन्समधली एम्प्रेस बॉलरूम असेल. तिथल्या तिथे चूक काढू नकोस. बोलणारं माणूस गप्प होतं. नंतर ग्रंथालयात स्थानिक वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांतल्या नाचाच्या जाहिराती पाहा. त्यांत तारीख, हॉल, बँड आणि तिकिटाचा दर सापडतो.

बायका फक्त नाचायला यायच्या असं धरून चालू नकोस. लीड्सची आयव्ही बेन्सन कपड्यांच्या कारखान्यात काम करून संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवायची. पुढे तिने फक्त बायकांचा बँड उभा केला, आणि १९४३ मध्ये बीबीसीने तो आपला ठरलेला बँड म्हणून ठेवला तेव्हा पुरुष बँडवाले चिडले होते. लहान गावांत तर पियानोवर बऱ्याचदा एखादी बाईच असे. तुझ्या केअर होममध्ये अशी कुणी आहे का ते बघ.

आता जे तू टाळते आहेस असं मला वाटतं, ते. आत कुणाला घेत नव्हते? तुझ्या रेकॉर्डिंग्जमध्ये सगळे गोरे आहेत आणि सगळ्यांना दार उघडं होतं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्काला बॉलरूमने १९५८ मध्ये काळ्या-सावळ्या लोकांना नाचायला बंदी केली होती. स्टेजवर वाजवायला मात्र तेच चालत! वादकांच्या संघटनेने, म्युझिशियन्स युनियनने, सभासदांना तिथे वाजवू नका असं सांगितलं. मालक मनाईहुकूम मागायला कोर्टात गेले आणि अपील कोर्टातही हरले. मला या प्रकरणाचं फार मोल वाटतं, कारण ज्यांची रोजी त्या हॉलवर होती त्यांनीच ती पणाला लावली. आणखी काही हॉलमध्ये काळ्या पुरुषाला जोडीदारीण बरोबर असेल तरच आत घेत. नाचघरांतला असा भेदभाव बेकायदा ठरला तो १९६५ च्या कायद्याने. म्हणून जमैकाहून, बार्बाडोसहून, पंजाबातून तेव्हा इथे आलेल्या म्हाताऱ्यांकडेही जा. ‘शनिवारी कुठे जायचात?’ एवढंच विचार. गोऱ्या आजोबांनाही विचार, ‘दारावर कुणाला परत पाठवलेलं पाहिलंत का?’ ते अवघडतील. तू अवघडू नकोस, तुला तो हक्क आहे.

शेवट कसा झाला, याला सगळे ‘रॉक अँड रोल आला’ असं उत्तर देतील. तिथे थोडी थांब. आठ-दहा वादकांच्या पैशात अँप्लिफायरवाली चार पोरं स्वस्त पडू लागली, आणि १९६० च्या कायद्याने बिंगोचा, म्हणजे हाउझीचा, धंदा मोकळा झाल्यावर कितीतरी नाचघरांत टेबलखुर्च्या मांडल्या गेल्या. वादकांना शेवटची रात्र विचार. त्या रात्री कागदांचं काय केलं, वाद्य विकलं की माळ्यावर ठेवलं?

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात घे. एक प्रत गावच्या ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात द्यायची हे आधीच सांगून ठेव. बँडचे कागद कुणाच्या घरी निघाले तर ते फेकू देऊ नकोस. एसेक्समधल्या लाउटनला नॅशनल जॅझ आर्काइव्ह आहे, त्यांना लिहून विचार.

त्या सॅक्सोफोनवाल्या आजोबांकडे मात्र याच आठवड्यात जा, आणि सकाळी जा, दुपारनंतर त्यांचा आवाज थकलेला वाटला. त्यांच्या मुलीला आधी फोन करून बँडच्या कागदांच्या जुन्या फाइली कुठे आहेत ते विचार. मिळाल्या तर पानांच्या कडेला पेन्सिलने लिहिलेल्या खुणांचेही फोटो काढ, आणि मला पाठव.

तुझी,
काकू