लिनक्समध्ये ब्राइटनेसची पट्टी हलते, पण स्क्रीनचा उजेड बदलत नाही. काय करावे?

लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या नोंदी तुम्ही लॅपटॉपवर घेता, उबुंटू टाकल्यापासून ब्राइटनेसची पट्टी नुसतीच हलते आणि भर उन्हात आकडे दिसत नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे.

कुणी एक्सरॅंडरचा (स्क्रीनची मांडणी बदलणारी कमांड) ब्राइटनेस पर्याय सुचवला तर तो वापरू नका. त्याने फक्त रंग फिके किंवा गडद होतात, मागचा दिवा आहे तसाच राहतो.

टर्मिनलमध्ये /सिस/क्लास/बॅकलाइट हे फोल्डर उघडा (ही नावे, पुढच्या कमांड आणि आकडे इंग्रजीतच, लहान अक्षरांत टाइप करायचे). आत इंटेल_बॅकलाइट, एएमडीजीपीयू_बीएल० किंवा एसीपीआय_व्हिडिओ० असे काहीतरी दिसेल. पहिली दोन ग्राफिक्स ड्रायव्हरची, थेट दिव्यावर चालणारी. तिसरे बायोसमार्फत, म्हणजे लॅपटॉपच्या बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमार्फत चालते. बायोस नीट लिहिलेला नसेल तर तो आकडा घेतो, पण दिव्यापर्यंत पोचवत नाही. दोन्ही प्रकार हजर असले की डेस्कटॉप सहसा बायोसवाल्यालाच धरतो, आणि बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

खात्री करून घ्या. ड्रायव्हरवाल्या फोल्डरात जाऊन मॅक्स_ब्राइटनेस फाइल कॅट या कमांडने वाचा. समजा १५०० आले, तर निम्म्या उजेडासाठी:

एको ७५० | सुडो टी ब्राइटनेस

(सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे; टी ही आकडा फाइलमध्ये लिहिणारी कमांड, स्पेलिंग टी-ई-ई.)

'सुडो एको ७५० > ब्राइटनेस' चालणार नाही. बाणापुढची फाइल तुमचे साधे शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) उघडते, सुडोचा अधिकार तिथे पोचतच नाही, म्हणून 'परमिशन डिनाइड' येते. कमाल आकड्याच्या वर गेलात तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. ० मात्र लिहू नका, काही पॅनेल पूर्ण काळे होतात आणि मग पुढची कमांड आंधळेपणाने टाइप करावी लागते.

ड्रायव्हरवाल्या फोल्डरात आकडा बदलून उजेड हलला, किंवा ते फोल्डरच नसेल, तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचे: एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह. आधी एकदाच करून पाहा. ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना उबुंटू चालू करून देणारा प्रोग्राम) मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हे जोडा आणि एफ१० दाबा. जमले नाही तरी पुढच्या रीस्टार्टला सगळे पूर्ववत. नेटिव्हने काम झाले नाही तर त्याच जागी 'व्हेंडर' लिहून पाहा. जमले की /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे, त्याच अवतरणचिन्हांच्या आत कायमचे लिहा आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. ही शेवटची पायरी हमखास राहते.

रोजच्या वापराला ब्राइटनेससीटीएल हे पॅकेज टाका. 'ब्राइटनेससीटीएल सेट १००%' आवारात, २०% रात्री घरी. लॅपटॉप बंद करताना सिस्टमडी (उबुंटूतल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) शेवटचा आकडा जपून ठेवते, त्यामुळे वेगळी स्क्रिप्ट लागत नाही.

कार्यालयात एचडीएमआयने मोठा मॉनिटर जोडत असाल तर तो सहसा या फोल्डरात दिसत नाही. त्याला डीडीसीयुटिल हे पॅकेज लागते, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीडीसी (केबलवरून मॉनिटरला सूचना देण्याची सोय) चालू असावे लागते.