अपघातात कमरेचा मणका मोडलाय, पुढे काय त्रास होतात आणि भरपाई कशी मागायची?

ताई, ट्रकने बाइकला उडवलं, मिस्टरांचं मणक्याचं ऑपरेशन झालं तरी पायात ताकद नाही आणि इन्शुरन्सवाला आत्ताच सेटलमेंट करा म्हणतोय, असं लिहिलंय तुम्ही, तर आधी सही करू नका. मज्जारज्जूला (मणक्यातून जाणाऱ्या मुख्य नसेला) मार असेल तर खरा खर्च डिस्चार्जनंतर सुरू होतो. लघवी पूर्ण होत नाही, मग कॅथेटर (लघवीची नळी), सारखं इन्फेक्शन, आणि दुर्लक्ष केलं की थेट किडनीवर जातं. संवेदना नसल्याने बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झालेला कळतही नाही म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलावी लागते (घरच्यांची झोप कोण मोजतंय!). पाय आखडणं, आगआग होणं, डिप्रेशन हेही आहेच.

केस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, तुम्ही राहता तिथेही करता येते. २०१९ च्या दुरुस्तीत दावा दाखल करायला ६ महिन्यांची मुदत आलीय, ती धरूनच चला. कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो, आणि अशा केसमध्ये अडीच लाख म्हणजे काहीच नाही.

सर्टिफिकेटवरच्या अपंगत्वाच्या टक्क्यावर अडू नका, राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने कमाईची क्षमता किती गेली ते बघा म्हटलंय, म्हणजे ड्रायव्हरचे ५० टक्के हे कमाईचे १०० असू शकतात. अटेंडंट, फिजिओ, पुढचे उपचार सगळं मागा, बिलं जपून ठेवा. ड्युटीवर असताना झालं असेल तर कर्मचारी भरपाईचाही रस्ता आहे (आधी १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय), पण हा आणि १६६ चा, दोन्हीपैकी एकच निवडावा लागतो.