पाचव्या महिन्यात दम्याचा पंप बंद करावा का?

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. सध्या पाचवा महिना चालू आहे. स्टेरॉइड बाळाला बाधेल या भीतीने मी रोजचा ब्युडेसोनाइडचा पंप सोडला. आता रात्री खोकल्याने जाग येते आणि तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप रोज ओढावा लागतो. बाळाला काही होईल का?

उत्तर : आजच डॉक्टरांशी बोला आणि ब्युडेसोनाइड पुन्हा सुरू करा. बाळाला धोका आहे तो आटोक्याबाहेरच्या दम्याचा, पंपाचा नव्हे.

आईच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिमी (पाऱ्याचा) असतो, तर वारेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात जेमतेम ३०. बाळाचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट पकडते म्हणून तेवढ्यावर भागते, पण हाताशी शिल्लक फार नसते. म्हणूनच गरोदरपणात आईच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. दमा सतत उसळत राहिला तर बाळाचे वजन कमी भरणे, ३७ आठवड्यांआधी प्रसूती होणे आणि आईचा रक्तदाब वाढणे, या तिन्हींची शक्यता वाढते.

पंपातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते मुख्यतः फुप्फुसातच काम करते. गरोदर स्त्रियांमध्ये ब्युडेसोनाइडचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. मोठ्या झटक्यात प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या दिल्या तर त्याही नाकारू नका; वारेतले एक विकर (एन्झाइम) त्यातला बहुतेक भाग निष्प्रभ करते, बाळापर्यंत सुमारे दहावा हिस्सा पोचतो.

पंप ओढण्याची पद्धत एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा, चूक बहुधा तिथेच सापडते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) तोंडात घट्ट धरून एकदाच दाबा, ४-५ सेकंद सावकाश आत ओढा, १० सेकंद रोखा. दोन दाब एकदम दिले की औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटते. शेवटी चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

गरोदरपणात थोडी धाप बऱ्याच जणींना लागते. मात्र शिट्टीसारखा आवाज, छाती आवळणे, रात्रीचा खोकला हा दमाच. झटका आला तर स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचा एकेक दाब, दर अर्ध्या ते एका मिनिटाने, फार तर १०. तरी आराम नाही, बोलताना वाक्य तुटते किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : प्रसूतीच्या वेळीच झटका आला तर?

उत्तर : असे क्वचित घडते, शेवटच्या चार आठवड्यांत दमा बहुधा शांतच असतो. कळा सुरू झाल्यावरही पंप चालू ठेवा. दम्याची नोंद प्रसूतीच्या कागदावर ठळक करून घ्या, कारण रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे कार्बोप्रोस्ट श्वासनलिका आवळते आणि अशा स्त्रियांना ते टाळतात. स्तनपानातही पंप चालतो.