इंग्रजी ‘लाइट’ला फ्रेंचमध्ये नेमकं काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय, डिक्शनरीत ‘लाइट’पुढे पाच-सहा फ्रेंच शब्द दिसतात, त्यातला कुठला पाठ करू? सुटा एकही पाठ करू नका. ह्याच शब्दापायी मी अख्ख्या ऑफिससमोर बोलणी खाल्लीयेत म्हणून लिहितेय, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टचे कागद बघायचे. फ्रेंच येणारी मी एकटीच. फ्रान्सच्या पार्टीला सॅम्पलची यादी पाठवायची होती आणि इंग्रजी शीटमध्ये नुसतंच ‘लाइट बाथ टॉवेल’ लिहिलेलं, म्हणजे आमचा ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाचा), पातळ, लवकर वाळणारा माल. मी लिहिलं ‘सेर्व्हिएत लेजेर’, म्हणजे वजनाला हलका टॉवेल. साहेबांनी मोबाइलवर बघितलं, तिथं ‘क्लेर’ आलं, झालं, म्हणाले मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच, आधी मराठीत विचार करता म्हणून चुकता. मला बदलायला लावलं. सॅम्पल भरताना लूमवरचे मास्तर आले, घरात तेलुगू बोलणारा माणूस, शीट बघून पहिलाच प्रश्न केला, “ताई, वजनाला लाइट का रंगाला लाइट?” मी वजनाला म्हणाले आणि त्यांनी बरोबर पातळ माल काढून दिला, गडद निळा आणि मरून. तिकडं पार्टी ‘क्लेर’ वाचून फिक्या रंगाची वाट बघत बसलेली. सॅम्पल नापास, कुरियरचा खर्च अंगावर, आणि बोलणी कुणाला, तर यादी टाइप करणारीला.

मास्तरांचा प्रश्न हाच फ्रेंचचा प्रश्न आहे हो. वजनाला हलकं ते लेजे, रंगाला फिकं ते क्लेर. हलकं जेवण, सावध झोप, तिथंही लेजेच. उजेड म्हणजे ल्युमिएर, दिवा लावणं म्हणजे आल्युमे, सिग्नलचा दिवा फो, आणि सिगरेट पेटवायला कुणाकडं मागायचं तरी फोच, कारण त्याचा मूळ अर्थ आग. ‘उजाडलं’ला तर ‘इल फे झूर’, त्यात ल्युमिएर येतच नाही, झूर म्हणजे दिवस. हलका, फिका, उजेड, दिवा, उजाडणं, हे सगळे शब्द मराठीत आधीच वेगवेगळे आहेत, इंग्रजीनं एका पोत्यात कोंबलेत. मग ते पोतं घेऊन फ्रेंचकडं कशाला जायचं? शब्द आधी मराठीत सांगा, मग फ्रेंच शोधा. मराठीत विचार केल्यानं फ्रेंच बिघडतं हे मला क्लासमध्येही ऐकवलं होतं आणि ते साफ चूक आहे.

व्याकरणाचं एक लक्षात ठेवा. रंगाच्या नावाला जोडून आलेलं क्लेर बदलत नाही, टॉवेल एक असो नाहीतर हजार, ‘ब्लो क्लेर’ (फिका निळा) लिहिताना तस्संच राहतं. लेजेचं मात्र स्त्रीलिंगी लेजेर होतं, आणि सेर्व्हिएत स्त्रीलिंगी आहे.

हां, मराठीतही खड्डे आहेत, ते सांगायचं राहिलं. आपल्याकडं ‘हलका माल’ म्हणजे खराब क्वालिटीचा, त्याला लेजे लिहिलंत तर पार्टी नुसती वजनाला कमी समजेल. आणि ‘लाइट गेली’ला ल्युमिएर लावू नका, आपली लाइट म्हणजे वीज, तिथं ‘कुप्युर द कुरां’. शिवाय रंग फिका का हलका यावरही घरोघरी वेगळं बोलतात, आमच्या आईला ‘हलका गुलाबी’च म्हणायची सवय. तेव्हा शंका आली की मास्तरांसारखं विचारायचं, वजनाला का रंगाला.

साहेबांना मी हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. यादीत आधी लिहिलेलं ‘लेजेर’ बरोबर होतं.